साबणाच्या पाण्यातल्या स्लाइड्स

मागच्या थंडीत थोरलीने मला फोनवर एका व्याख्यानाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "आजी, ही बाई आपल्या जबलपूरची आहे. तुला माहीत होतं?"

माहीत होतं. ही बाई आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून माझ्या आईच्या हातचं थालीपीठ खायची आणि वरून लोणी मागून घ्यायची. तिचे वडील रेल्वेत होते, माझे तोफांच्या कारखान्यात. बी.एस्सी.पासून आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे एकाच सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो. मी थोरलीला उत्तर पाठवलं, "हो." तुमचे आजोबा शेजारी बसून वाचत होते. ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं.

तुम्ही दोघं मला ओळखता ती डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी, चादरीच्या घड्या मोडल्या की रागावणारी आजी. ती खरीच आहे. पण थोरली आता परदेशात पेशींवर काम करायला लागली आहे, आणि धाकटा काय वाट्टेल ते विचारतो, म्हणून हे लिहून ठेवते. मी नन्सच्या शाळेत शिकले, इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण हा सगळा मजकूर मत्सराचा आहे, आणि मत्सर इंग्रजीत लिहिला की माझ्या हातून फार सभ्य होतो. धाकट्याला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तर आमचे सर. ते हिंदी बोलणारे, सडपातळ, कायम हाफ स्वेटरमध्ये. त्यांचा विषय होता तिवडा. नागपूरकडे ज्याला लाखोळी म्हणतात ती डाळ. पाटन आणि सिहोऱ्याच्या बाजूला तिवड्याची शेतं होती, आणि सरांना त्या भागातल्या वेगवेगळ्या वाणांची गुणसूत्रं मोजायची, मापायची होती. तिवडाच का, तर त्याची गुणसूत्रं थोडी आणि चांगली जाडजूड असतात. साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसतात. आमच्याकडे साधाच मायक्रोस्कोप होता.

काम असं असायचं. ओल्या टिपकागदावर बी रुजत घालायचं. पांढरं मूळ बाहेर आलं की सकाळी त्याचं टोक कापायचं, कारण तिथेच पेशी भराभर दुभंगत असतात. ते टोक औषधात मारायचं, आम्लात मऊ करायचं, कार्मिनच्या लाल रंगात ठेवायचं. रंग गडद यावा म्हणून त्यात गंजलेला खिळा बुडवायचा. हा खिळा आमच्या प्रयोगशाळेतली सर्वात जपलेली वस्तू होती. मग ते टोक काचेच्या स्लाइडवर घेऊन वर पातळ काच ठेवायची, स्पिरिटच्या दिव्यावर हाताला सोसेल एवढी कोमट करायची, वर टिपकागदाची घडी ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं.

सगळं त्या दाबण्यात होतं. कमी दाबलं तर पेशी एकमेकींवर चढून बसतात. जास्त दाबलं तर फुटतात. आणि दाबताना अंगठा केसभर सरकला तर सगळी गुणसूत्रं एका बाजूला ओढली जातात, मग त्या स्लाइडचा काही उपयोग नाही. हे कुणी कुणाला शिकवू शकत नाही. येतं किंवा येत नाही.

मला येत होतं. स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण सर आता सांगायला उरलेले नाहीत. माझ्या स्लाइडवर गुणसूत्रं अशी पसरायची, जशी दिवाळीत कोणी निगुतीने अंगणात रांगोळीचे ठिपके घालावेत. एकावर एक चढलेलं नाही, एक तुटलेलं नाही. सर बाहेरून पाहुणे आले की माझ्या स्लाइड्स दाखवायचे. तुमच्या आजोबांनी लग्नानंतर हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एम.एस्सी. झालेली अंगठेबहाद्दर." ते हा विनोद अजून करतात.

तिला येत नव्हतं. तिचा अंगठा बेभरवशाचा होता. ती दिवसभर बसायची आणि संध्याकाळी तिच्याकडे दाखवण्यासारखं काही नसायचं. पण तिला त्याची लाज वाटायची नाही, हे मला तेव्हाही कळायचं नाही. ती सारखं विचारायची. काहून? पेशी अशी मधेच का थांबते? सगळी गुणसूत्रं मध्यावर रांग लावेपर्यंत एकही निघत का नाही? त्यांना कोण सांगतं की आता निघा? मी नन्सच्या शाळेत जाऊन 'काहून' सोडून दिलं होतं, 'का' म्हणायला शिकले होते. तिने कधीच सोडलं नाही. सर तिला म्हणायचे, "पहले स्लाइड बनाओ, फिर सवाल बनाना."

आता त्या स्लाइड्सबद्दल.

आमच्याकडे काचेचा तुटवडा असायचा. सकाळी स्लाइड्स करायच्या, वाळू नयेत म्हणून कडेने मेण लावून बंद करायच्या, आणि दुपारी एकेक बघायची. चांगली असेल ती पेटीत. खराब असेल ती खिडकीखालच्या इनॅमलच्या टबात, साबणाच्या पाण्यात. संध्याकाळी त्या धुऊन, पुसून दुसऱ्या दिवशी परत वापरायच्या. माझा टब बहुतेक रिकामा असायचा. तिचा भरलेला.

सिहोऱ्याच्या बाजूच्या एका शेतातलं बी आलं होतं. त्याच्या स्लाइड्स मी नेहमीसारख्याच केल्या. दुपारी बघते तर काही पेशींमध्ये गुणसूत्रं दोन टोकांना निघालेली आणि एखादंच मधे मागे राहिलेलं. बाकी सगळी घरी पोचली आणि हे एक वाटेत. मला वाईट वाटलं. म्हटलं, माझा दाब सरकला. मी त्या स्लाइड्स टबात टाकल्या. पुढच्या खेपेला अजून जपून केल्या. पुन्हा तेच. मी त्याही टबात टाकल्या, त्या दिवशी न धुताच घरी आले आणि जेवले नाही. आईला वाटलं, ताप आहे.

दुसऱ्या दिवशी मी बघते तर ती माझ्या टबापाशी बाही वर करून उभी. कोपरापर्यंत हात साबणाच्या पाण्यात. मेण लावलेलं असल्याने स्लाइड्स अजून शाबूत होत्या. ती त्या एकेक काढून ओढणीला पुसत होती.

"ह्या काहून फेकून राहिली वं?"

"खराब आहेत."

"मी घेऊ?"

मी म्हटलं, घे, पण धुऊन परत दे. स्लाइड्स मोजून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

तिने त्या परत दिल्या नाहीत. त्या मागे राहिलेल्या एका गुणसूत्राच्या मागे ती लागली. सर म्हणाले, "करने दो, इसकी अपनी स्लाइड तो वैसे भी नहीं बनती." माझ्या मोजमापांचा निबंध सरांच्या नावाबरोबर छापून आला. नीटनेटका, तक्त्यांसह. तो मी आणि सरांनी वाचला. तिचा छोटासा निबंध आला, त्यात ते चित्र होतं. माझ्या टबातली पेशी, मधे अडकलेलं ते एक. शेवटी बारीक अक्षरात स्लाइड्स करायला मदत केल्याबद्दल माझे आभार. मदत.

त्या निबंधावर तिला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली. पेशी थांबते कशी, शेवटचं गुणसूत्र जागेवर येईपर्यंत ती वाट कशी बघते, आणि कधीकधी न बघताच कशी निघते, याचा शोध तिने आयुष्यभर घेतला. पेशी अशी न थांबता निघाली की पुढे रोग होतात, ही गोष्ट पुढे फार मोठी झाली आणि तीही तिच्याबरोबर मोठी झाली. माझं लग्न झालं. सासर जबलपूरचंच होतं. मी कॉलेजात शिकवायला लागले. मला कोणी अडवलं नाही, हे इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर तुम्ही उगाच आजोबांवर रागवाल. मला नोकरी आवडायची. गावातल्या कितीतरी मुलींना स्लाइड दाबायला मी शिकवलं. त्यातल्या एकदोघींना ते आलं.

पण कॉलेजच्या वाचनालयात परदेशी नियतकालिकं यायची, उशिरा, धूळ घेऊन, आणि त्यात तिचं काही आलं असलं की मी ते सगळ्यांच्या आधी वाचायची. एकही सोडलं नाही. मी तिच्या चुका शोधत होते. शत्रू जितकं बारकाईने वाचतो तितकं कोणी वाचत नाही. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, मी निवृत्त झाले, तरी वाचत राहिले. दिवाळीला तिचा शुभेच्छांचा निरोप यायचा, मी उत्तर द्यायची, दोन्ही बाजूंनी दिव्याचं एकेक चित्र. बस.

आणि मग थोरलीचा तो व्हिडिओ. त्याच्यापाठोपाठ दुसरा निरोप, "मी ज्या विषयात काम करते तो हिच्याशिवाय उभाच राहिला नसता." मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. माझी नात, जिला मी या घरात कांद्याची मुळं पाण्याच्या पेल्यात वाढवून दाखवली होती, ती मला तिच्याबद्दल सांगत होती.

त्याच थंडीत इथल्या एका कॉलेजने जुन्या पेशीशास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्या आठवणी ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला. ती निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली होती, म्हणून मुख्य वक्ता ती. कार्यक्रम इंटरनेटवर दिसणार होता. थोरलीने कळवलं की ती उजाडायच्या आधी उठून बघणार. मला कार्यक्रम ठरवणाऱ्या तिथल्या प्राध्यापिकाबाईंचा फोन आला. मला वाटलं, मलाही आठवणी सांगायला बोलावत आहेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, आपकी भाषा इतनी साफ़ है. आभार प्रदर्शन आप कर दीजिए."

मी हो म्हटलं. आजोबांना कळेना, मी एवढी शांत कशी. माझं कारण ठरलेलं होतं. मला एकच गोष्ट हवी होती, आणि आता ती सांगायला संकोच वाटत नाही. त्या स्लाइड्स माझ्या होत्या, हे थोरलीच्या कानावर त्या सभागृहात पडलं पाहिजे. मी आभारात एक वाक्य घातलं. फार विचार करून घातलं. सर्व पाहुण्यांचे आभार, आणि विशेष म्हणजे ज्या स्लाइड्सवरून हा सगळा प्रवास सुरू झाला त्या इथेच, याच शहरात, माझ्या हातून झाल्या याचा मला आनंद आहे. 'आनंद' शब्द मी तीनदा बदलला.

कार्यक्रमाला स्टेजवर आम्ही म्हाताऱ्यांची रांग होती. एका गृहस्थांनी आयुष्यभर बाटल्यांमध्ये पेशी वाढवल्या होत्या. होळी-दिवाळीलाही ते त्यांना खाऊ घालायला प्रयोगशाळेत जायचे. मग एक दिवस तपासणी आली आणि कळलं, की त्या पेशी मुळात त्यांच्या नव्हत्याच, शेजारच्या बाटलीतल्या कुठूनतरी शिरून वाढल्या होत्या. ते म्हणाले, "जिनकी इतने साल सेवा की, वो पड़ोसी के बच्चे निकले." सभागृह हसलं. ते स्वतःही हसले. मी मात्र त्यांच्याकडे बघत राहिले. हे असं हसायला त्यांना किती वर्षं लागली असतील, ते मला विचारायचं होतं.

मग ती उठली. खादीची साडी, कापलेले पांढरे केस, हातात काठी नाही. माझ्या हातात आहे. ती अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलली, मधेच घरचं मराठी. एवढी वर्षं परदेशात राहून तिचं 'काहून' जसंच्या तसं होतं आणि लोक त्यावर खूश होत होते. मी इतक्या मेहनतीने घासून काढलेली भाषा, आणि कौतुक न घासलेलीचं.

पडद्यावर ते चित्र आलं. माझी पेशी, मोठी, भिंतीएवढी. मी पर्समध्ये हात घालून माझा कागद चाचपला.

ती म्हणाली, हे कोणाच्या हातचं आहे ते सांगते. आणि तिने माझ्याकडे बोट केलं. नाव घेऊन सांगितलं, की माझ्याइतका स्थिर अंगठा तिने पुढे कुठल्याच देशात पाहिला नाही. मग तिने टबाची गोष्ट सांगितली. साबण, मेण, ओढणी, सगळं. मी त्या फेकून दिल्या होत्या, हेही. लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते, आणि तिच्या सांगण्यात काही वाईट नव्हतं.

मग ती पुढचं बोलली. ते ती इंग्रजीत म्हणाली, मी मराठीत देते. "त्या माझ्या स्लाइड्स असत्या तर मीही फेकल्या असत्या. माझा अंगठा रोजच सरकायचा. पण त्या तिच्या होत्या. तिचा अंगठा सरकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे चूक हाताची नव्हती. पेशीच तसं करत होती."

सभागृहात टाळ्या झाल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, मागण्याआधी, भरभरून, थोरलीच्या देखत. मला आयुष्यात इतका मत्सर कधी वाटला नव्हता.

का, ते सांगायचा प्रयत्न करते. इतकी वर्षं मी समजत होते, की तिने माझ्या टबातून उचललं आणि नशिबाने तिला सापडलं. नशिबाचा हेवा करणं सोपं असतं. त्यात आपण लहान होत नाही. आता कळलं, की तिने विचार केला होता. साधा, तीन पायऱ्यांचा विचार, आणि त्याची मधली पायरी मी होते. माझ्या अंगठ्यावर माझ्यापेक्षा तिचा विश्वास जास्त होता. मी रडून उपाशी झोपले आणि तिने त्याच गोष्टीवरून जगाचा नियम काढला. आणि माझं ते वाक्यही तिने वापरून टाकलं होतं. पर्समधल्या कागदावर आता त्याला काही अर्थ राहिला नव्हता.

मला आभारासाठी बोलावलं. मी उभी राहिले. मी प्राचार्यांचे आभार मानले. त्या पेशीवाल्या गृहस्थांचे मानले, बाकी पाहुण्यांचे मानले. माईक लावणाऱ्याचे, इंटरनेट सांभाळणाऱ्या मुलींचे, चहावाल्याचे, फुलं आणणाऱ्याचे मानले. श्रोत्यांचे मानले. आणि खाली बसले.

मुख्य वक्त्याचं नाव मी घेतलं नाही. प्राध्यापिकाबाई घाबरून उठल्या आणि त्यांनी ते काम पुरं केलं. सगळ्यांना वाटलं, वयामुळे राहून गेलं. घरी जाताना एकीने मला हात धरून पायऱ्या उतरवल्या, जणू मी वाट चुकेन.

ती गाडीपाशी उभी होती. म्हणाली, सदरला चल, खव्याची जिलबी खाऊ. संशोधनाच्या दिवसांत आम्ही कधीकधी चालत सदरला, छावणीच्या बाजारात, जायचो. मला न्यायला आलेले आजोबा म्हणाले, जा, आणि माझी साखर मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्ये टाकलं. तेवढ्यावरून ती हसत सुटली.

दुकानात फौजी कुटुंबांची गर्दी होती. आम्हाला कोपऱ्यात दोन खुर्च्या मिळाल्या. जिलब्या काळ्या, गरम. ती खात होती, मी बघत होते. तिने इकडचं तिकडचं विचारलं. मग मी तिच्या एका जुन्या निबंधातल्या प्रयोगाचा उल्लेख केला, आणि ती चमकली.

"तू तो वाचला?"

"सगळे वाचलेत."

"काहून?"

"चुका शोधायला."

"सापडल्या?"

"दोन."

ती पुढे झुकली आणि मला त्या दोन्ही सांगायला लावल्या. एक तिला ठाऊक होती. दुसरी ऐकून तिने टेबलावर बोटाने काहीतरी आखलं, आणि मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. कळवायचं नाही का?" मी म्हटलं, मी का कळवू?

तिने पाकात बुडालेली बोटं कागदाला पुसली. मग म्हणाली, "तू चहावाल्याचे आभार मानले. माझे नाही."

"राहून गेलं."

"तुझ्याकडून राहून जात नाही," ती म्हणाली. "मला पक्कं ठाऊक आहे. मग हे काहून?"

मी तिच्याकडे बघितलं. तीच मान, तोच स्वर, आणि तोच विचार, पायरी पायरीने. हिचा अंगठा सरकत नाही, म्हणजे चूक हाताची नाही. मला वाटलं, आता टबात हात घातलाच आहे हिने, तर घेऊ दे.

"जळून राहिली मी," मी म्हटलं. "तेव्हापासून."

माझ्या तोंडून ते तसंच आलं, लहानपणीच्या बोलीत, जी मी शाळेच्या फाटकावर सोडून आले होते.

मी वाट बघितली. अशा वेळी दुसरी बाई म्हणते, की मीही तुझ्यावर जळत होते, तुझ्या घरावर, तुझ्या नातवंडांवर. टीव्हीवर तसंच होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेवढं तरी हवं होतं. ती तसं काही म्हणाली नाही. बहुधा तसं काही नव्हतंच. तिने मान हलवली, जशी एखादं मोजमाप अपेक्षेप्रमाणे निघाल्यावर ती हलवायची, आणि शेवटची जिलबी माझ्याकडे सरकवली.

"घे. मशीन आहे ना तुझ्याजवळ."

मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीचा फोन आला. तिच्याकडे रात्रीचं जेवण चाललं होतं; धाकटा हल्ली तिच्याकडेच असतो, तो मागून डोकं घालून बघत होता. मी ठरवलं होतं, की ती अंगठ्याबद्दल बोलली तर आपण फार काही दाखवायचं नाही. ती अंगठ्याबद्दल बोलली, पण थोडंसंच. तिने विचारलं, "आजी, तू तिला थँक्यू का नाही म्हटलंस?" मी खोटंच सांगितलं, मागाहून म्हटलं. मग तिने खरी गोष्ट काढली. तिला त्या बाईंना लिहायचं होतं. आपलं काम दाखवायचं होतं, सल्ला मागायचा होता. पत्ता दे, म्हणाली, आणि तुझं नाव सांगू का?

पत्ता माझ्याकडे होता. तो फोनमध्ये होता, दिवाळीच्या दिव्यांच्या वर. मी म्हटलं, शोधून पाठवते.

मग मी तिला सहज विचारलं, तू हल्ली काय बघतेस. ती सांगायला लागली. ती जिवंत पेशी दुभंगताना त्यांचे फोटो घेते, एकामागून एक, आणि त्याची फिल्म होते. मी विचारलं, सगळे फोटो वापरतेस? ती म्हणाली, छे, पुष्कळ खराब येतात. काहींत पेशी मधेच विचित्र वागते, काही हलतात. ते कॉम्प्युटर आपोआप बाजूला टाकतो. मी बघतसुद्धा नाही.

मी फोन ठेवला. आजोबांनी दोनदा चहा विचारला.

थोरले, पत्ता मी तुला त्याच दुपारी पाठवला, तो तुला मिळाला आहे. माझं नाव अवश्य सांग. ती तुला चांगलं वागवेल आणि तुझ्या कामात तुला सुचणार नाहीत असे प्रश्न विचारेल. मला ते आवडणार नाही, पण तू तिकडे लक्ष देऊ नकोस. फक्त एक कर. तुझा तो कॉम्प्युटर जे फोटो टाकून देतो, ते पुसू नकोस. एका जागी ठेव आणि मला पाठव. सगळे. माझे डोळे अजून चांगले आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि सकाळी मला वेळ असतो. मी एकेक बघेन.

तिलाही दाखव. पण आधी मला.